रुमालाखालचा लिलाव

निजामाच्या सबंध मुलखात माझ्या आत्याच्या यजमानांइतका भांडकुदळ माणूस दुसरा नव्हता, आणि असलाच तर तो त्यांच्याशी भांडूनच मुलूख सोडून गेला असावा. आम्ही भाचेमंडळी त्यांना मामा म्हणत असू. कळंबच्या बाजारात सगळे त्यांना आप्पा म्हणत, आणि त्यांच्या पाठीमागे काय म्हणत ते आत्याच्या कानांवर कधी गेलं नाही, म्हणून इथंही लिहीत नाही. मूळचे ते अणदूरचे. कळंबला त्यांची धान्याची आडत होती. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि जिभेवर तीन भाषा. हिशेब ते कानडीत करत, सरकारी माणसाशी दखनीत बोलत आणि भांडण मात्र मराठीतच करत, कारण कानडीत भांडलं तर समोरच्याला निम्मंच कळतं आणि आपली मेहनत वाया जाते, असं त्यांचं म्हणणं होतं. न्हाव्याशी ते वस्तऱ्याच्या धारेवरून भांडत, जंगमाशी पूजेच्या वेळेवरून भांडत, आत्याशी ती उलट बोलत नाही म्हणून भांडत. आणि ज्या दिवशी भांडायला कुणीच सापडत नसे, त्या दिवशी ते सोलापूरहून येणारं साप्ताहिक वाचायला घेत.

त्या साप्ताहिकाला आमच्या राज्यात बंदी होती. सोलापूर इंग्रजांच्या हद्दीत. तिथं ते छापलं जाई आणि विड्याच्या पानांच्या करंड्यांत दडून, तामलवाडीचा नाका ओलांडून आमच्याकडे येई. अंक हाती पडेपर्यंत अग्रलेखाला चुना लावायचाच काय तो बाकी असे. गावातले देशभक्त तो दाराला कडी लावून वाचत. मामा तो आडतीच्या ओट्यावर बसून, खणखणीत आवाजात, ओळीओळीला संपादकांचा उद्धार करत वाचत. त्यामुळे अक्षरशत्रू असलेल्या निम्म्या बाजाराला बंदी घातलेला मजकूर तोंडपाठ झाला होता, आणि पोलिसांनाही हा माणूस सरकारच्या बाजूचा वाटत असल्यामुळे ते ओट्याजवळून मान डोलावत जात. मामांच्या रागाचं कारण जुनं होतं. कळंबचा एक स्थूल व्यापारी सरकारला सक्तीनं घालायची लेव्हीची ज्वारी मापताना मापाला अंगठा लावतो, असं संपादकांनी एकदा छापलं होतं. नाव दिलेलं नव्हतं, पण 'स्थूल' हा शब्द कानांवर पडताच साऱ्या बाजारानं एकाच दिशेला पाहिलं. "मापाचं बोलला, बोलू दे," मामा मला म्हणाले. "माप ज्याचं त्याला ठावं. पर पोटाचं काय म्हणून लिव्हावं? पोट काय सरकारी हाय?" या माणसाला एकदा समोर बसवून जाब विचारायचा, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

आणि हे संपादक एका लग्नासाठी म्हणून हद्द ओलांडून आले आणि तामलवाडीच्या नाक्यावर धरले गेले. सरकारी गोदामात ज्वारी कुजते आहे आणि लोक उपाशी आहेत, असं त्यांनी छापलं होतं. ज्वारी कुजत होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. परक्या माणसालासुद्धा वासावरून गोदाम सापडे. पण वास येणं निराळं आणि छापून येणं निराळं. धाराशिवच्या अदालतीत खटला उभा राहिला. हैदराबादेहून चांगला वकील आणला तर सुटकेची आशा होती. नाहीतर तोळामासा प्रकृतीचा तो माणूस तुरुंगातून परत येण्याची खात्री कुणी देत नव्हतं, आणि त्याच्यामागे पत्रही बंद पडलं असतं. मी तेव्हा कळंबला शाळामास्तर होतो. आम्ही चार शिकल्यासवरल्या लोकांनी लगेच समिती काढली. गावातून वस्तू गोळा करायच्या, त्यांचा जाहीर लिलाव करायचा आणि वकिलाची सोय लावायची, असं ठरलं. अध्यक्ष कोण यावर आमच्या बैठका झाल्या, टेबलावर चादर कुठल्या रंगाची यावरही झाल्या. सभेला सरकारी परवानगी लागते हे कुणाला तरी आठवलं, तोवर हारांची मागणी देऊन झाली होती. परवानगीसाठी केलेल्या अर्जाला अर्थातच उत्तर आलं नाही.

अशा वेळी मामा समितीसमोर येऊन उभे राहिले. "लिलाव म्या करतो," ते म्हणाले. आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. ज्याला गेली कित्येक वर्षं शिव्या मोजल्या त्याच्यासाठी हा खटाटोप कशाला, असं मी विचारलं. "मास्तर, तो आत ऱ्हायला तर म्या भांडू कुणासंगं?" मामा म्हणाले. "तोंड बांधलेल्या माणसाला कसं बोलायचं? त्याला उलट बोलता आलं पायजे, तवा भांडणात राम." समितीच्या ठरावात हा मुद्दा नव्हता, पण लिलाव पुकारणारा फुकट मिळत होता, म्हणून आम्ही तो मान्य केला.

त्यांची एकच अट होती: लिलाव आडतीच्या रिवाजानं व्हायचा. आडतीत तेव्हा धान्याचा भाव कुणी तोंडानं सांगत नसे. आडत्या हातावर रुमाल टाकून बसे, घेणारा त्या रुमालाखाली हात घाली आणि आडत्याची बोटं दाबून आपला भाव कळवी. शेजारच्याला काही पत्ता लागत नसे. त्यात नियम एवढाच, की रुमालाखाली गेलेला हात बोली केल्याशिवाय बाहेर काढायचा नाही. समितीला हे मुळीच पटलं नाही. लिलाव म्हटला की चढाओढ हवी, आरोळ्या हव्यात, मधून मधून देशभक्तीपर चार शब्द हवेत. मामा ऐकेनात. "भाव वरडून सांगायचा म्हणजी चावडीम्होरं उघडं बसून आंघोळ करायची," ते म्हणाले. शेवटी भाषणं गेली, टेबल गेलं, हार गेले, आणि त्यांच्यापाठोपाठ नियोजित अध्यक्षही रुसून गेले.

गावानं वस्तू सढळ हातानं दिल्या, म्हणजे घराघरांतली अडगळ एका दिवसात बाहेर आली. बंद पडलेली घड्याळं आली, उंदरांनी भाता खाल्लेली पेटी आली, एका वकिलांनी सासऱ्यांकडून मिळालेली टोपी मोठ्या मनानं देऊन टाकली. एका पाटलांनी तर जिवंत कोंबडा पाठवला. लिंगायताच्या ओट्याला कोंबडा बांधला म्हणून लिलावाआधी मामांचं त्यांच्याशी वेगळं भांडण झालं. संपादकांच्या पत्नीनं सोलापूरहून त्यांची पितळी दौत पाठवली होती. घरात विकण्याजोगं एवढंच उरलं होतं, असं निरोप्यानं सांगितलं.

दौतीची पाळी आली आणि नेमके त्याच वेळी पोलीस अमीन, म्हणजे ठाण्याचे फौजदार, दोन जवान घेऊन हजर झाले. बाजारात सरकारविरोधी जलसा चालला आहे, अशी त्यांना खबर होती. पाहतात तो माणसं ओळीनं बसलेली, एकाच्याही तोंडातून शब्द नाही, आणि एकेक जण उठून मामांच्या रुमालाखाली हात घालून परत जागेवर बसतो आहे. "इत्ते लोगां और सब चुप? कैकू?" अमीनसाहेबांनी विचारलं. "बाजार है साब," मामा म्हणाले. अमीनसाहेबांचा संशय बळावला. रुमालाखाली बंदीचा कागद असणार असं वाटून त्यांनी सरळ आत हात घातला. मामांचा हात जन्मभर याच कामात मुरलेला. त्यांनी बोटं घट्ट धरली. अमीनसाहेबांनी हात सोडवायला जी ओढाताण केली, तिचा बाजाराच्या हिशेबानं भरभक्कम भाव झाला. "बोली झाली," मामा म्हणाले, "दौत साहेबांची."

"ये पैसा काहे का जी?" अमीनसाहेबांनी विचारलं. "धरम का है साब, एक गरीब का मुकदमा है." "किस गरीब का?" मामा शांतपणे म्हणाले, "साब, गरीब का नाव कौन पूछता?" जास्त खोलात जावं, तर सरकारी हात रुमालाखाली काय करत होता, हेही कागदावर आलं असतं, आणि एवढ्या लोकांदेखत बोली मोडणंही शोभलं नसतं. अमीनसाहेबांनी पैसे टाकले आणि दौत बगलेत मारून ते निघून गेले. पुढं ती चौकीतल्या टेबलावर ऐटीत बसलेली मी पाहिली आहे. हे तुम्ही मुद्दाम केलंत का, असं मी मामांना कितीदा तरी विचारलं. "बोटं आली, म्या मोजली," एवढंच ते सांगत.

वकील आले, खटला चालला आणि संपादक सुटले. प्रकृती सावरायला म्हणून थांबायचं सोडून ते आधी आभार मानायला कळंबला आले. मामांनी भांडणाची जय्यत तयारी केली होती. जुने अंक काढून त्यांनी मला पुन्हा वाचायला लावले होते आणि कुठल्या शब्दावर कसं धरायचं हे ठरवून ठेवलं होतं. पण ओट्याची पायरी चढताना भिंतीचा आधार घेणारा तो काटकुळा माणूस पाहिला आणि मामा उठून उभे राहिले. "तुमची माझ्यावर तक्रार आहे असं ऐकतो," संपादक म्हणाले. "बोला. नाहीतर लिहून द्या, जशीच्या तशी छापतो." मामा म्हणाले, "हाय. लई हाय. पर आदी जेवून घ्या." त्या दिवशी आत्यानं गूळ घालून गव्हाची हुग्गी केली होती, आणि मामांनी ती स्वतःच्या हातानं वाढली, वर तूपही वाढलं. लग्न झाल्यापासून त्यांना वाढताना पाहिल्याचं आत्याला आठवत नव्हतं. जेवण झाल्यावर संपादकांनी पुन्हा विषय काढला. "अंगात जरा रगत भरू द्या," मामा म्हणाले. "तुमच्यासारख्या काडीसंगं भांडलं तर लोक मलाच नावं ठेवतील. सुगी झाल्यावर या." संपादक हसले, मग बराच वेळ खोकले, आणि नक्की येतो म्हणाले.

पत्र पुन्हा सुरू झालं. सुगी तोंडावर आली असताना पानांच्या करंडीतून काळ्या चौकटीचा अंक आला; चौकटीत संपादकांचंच नाव होतं. मामांनी तो नेहमीसारखा ओट्यावर वाचायला घेतला. त्यांनी एकही शिवी घातली नाही, आणि अर्ध्यावर थांबून अंक माझ्या हातात दिला. उरलेलं मी वाचलं. माणसं उठून गेली. मग मामा म्हणाले, "माणूस लई वंगाळ लिव्हायचा. पर मास्तर, माझ्यावर एवढं मन लावून दुसऱ्या कुणी लिव्हलं न्हाय." मी होय म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मला ते अगदी एकटे वाटले.