हरकत कुणाचीच नव्हती

आता हसायचं तर हसा, पण हा गाढवपणा मी चक्क पगार घेऊन केला!

माझं काम ड्रायव्हरचं. गाडीचा नाही हो! संगणकातल्या एखाद्या फाइलला 'तू फाइल नाहीस, डिस्क आहेस' असं पटवून देणारा जो प्रोग्रॅम असतो, त्यालाही ड्रायव्हरच म्हणतात. सराफ्यात राहणाऱ्या आमच्या काकूंना हे कधीच पटलं नाही. निरोप घेताना अजूनही म्हणतात, "गाडी हळू चालव रे बाबा."

तर या ड्रायव्हरमध्ये बरीच अडगळ साचली होती. जुन्या पद्धतीच्या डिस्क उघडायची सोय तर निव्वळ ओझं. मी सगळ्या टीमला विचारलं, "काढून टाकतो. कुणाची हरकत?"

आमचे तिवारीजी सावध माणूस. "भाईसाहब, कोई चला रहा हो तो?"

"अजी, अब कौन चलाएगा!"

हरकत आली नाही. काढून टाकलं. शाबासकी मिळाली. नवा ड्रायव्हर घरच्या संगणकावरही मोठ्या ऐटीत चढवला.

मग महालक्ष्म्या आल्या. गेल्या वर्षी माझी बायको सुलभा गेली, म्हणून घरात सण नव्हता. यंदा महाराजपूरला आमच्याकडे सगळे जमले. कहाणी दरवर्षी सुलभाच सांगायची. आजारपणात आवाज जाण्याआधी तिनं ती घरच्या संगणकात, तिच्या डिस्कवर रेकॉर्ड करून ठेवली होती. मी सगळ्यांना सांगून बसलो, "यंदाही तीच सांगेल."

सगळे मुठीत अक्षता घेऊन बसले. मी संगणक लावला. बघतो तर सुलभाची डिस्कच गायब!

"काहून रे, काय करून राहिला तू?" काकूंनी विचारलं.

"ड्रायव्हर डिस्क उघडून नाही राहिला, काकू."

"मग दुसरा बोलाव ना! सणावाराला सुट्टी काहून देता त्याला?"

मी तिवारीजींना फोन लावला आणि स्पीकरवर, सगळ्यांच्या देखत ओरडलो, "डिस्क नहीं दिख रही! किस गधे ने बिगाड़ा है?"

तिवारीजी अगदी हळू म्हणाले, "भाईसाहब… डिस्क पुरानी वाली तो नहीं है?"

जुनीच होती हो. लग्नानंतर मीच तिला करून दिलेली. हरकत घेणारं माणूस एकच होतं, आणि ते आता नव्हतं.

"रुकिए, पुराना ड्रायवर भेजता हूँ," तिवारीजी म्हणाले. गाढवाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

जुना ड्रायव्हर चढवला. डिस्क आली. थोडी खरखर झाली, आणि मग सुलभा बोलली, "सुरू झालं का? बरं. आणि ऐका, मी सांगून राहिले तोवर तुम्ही कशालाच हात लावू नका."

काकू इतक्या हसल्या की अक्षता सांडल्या. बाकीचेही हसले.

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो, कहाणी संपेपर्यंत.