कॅमेऱ्यात न दिसणारी जागा

माझ्या मावशीला माणसं टाळूवरून ओळखू यायची. कुणाचा भांग कुठे वळतो, कुणाचं टक्कल कुठून सुरू होतं, हे सगळं तिला पाठ. चेहऱ्यांच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद. एकदा आम्ही दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. समोरचा एक माणूस तिच्याकडे बघून ओळखीचं हसला. ही मख्ख. तो चपला घालायला खाली वाकला तेव्हा कुठे हिला कळलं, की हा आपल्याच दुकानातला, शर्टांच्या काउंटरवरचा.

तिची तरी काय चूक? कपड्यांच्या तीन मजली दुकानात, सगळ्यात वर गोदामाला लागून असलेल्या बिनखिडकीच्या खोलीत, ती बावीस वर्षं पडद्यासमोर बसली. पडद्यावर बारा चौकोन, आणि बाराही कॅमेरे छताला. गिऱ्हाइकांकडे बघायला दारात पहारेकरी होते. मावशीचं काम नोकरांवर नजर ठेवायचं. मालक त्याला पाळत म्हणत नसे, "जरा लक्ष असू द्या" म्हणे. शब्द मऊ केला की कामही मऊ होतं, असं काही लोकांना वाटतं.

तिने सगळ्यांच्या आधी यायचं, सगळे गेल्यावर निघायचं, डबा वरच खायचा. ओळख वाढली की डोळे अधू होतात, असं मालकाचं म्हणणं. पगाराच्या दिवशी तेवढी ती खाली यायची. नोकर तिला 'वरची' म्हणत. मान वर करून हसणारी तोंडं तिला पडद्यावर दिसत. तिला त्याचं काही वाटत नसे. खरं सांगायचं तर तिला फारसं कशाचंच काही वाटत नसे. काका गेले तेव्हाही ती खुर्चीत ताठ बसून, आलेल्यांनी पाणी घेतलं का, एवढंच बघत होती. लोक तिच्या डोळ्यांकडे बघत होते. डोळे कोरडे.

तिच्या कामाचा एक नियम होता. हातात माल नसताना जो दिवसातून तीनदा चौकोनाबाहेर जातो, त्याचं वहीत लिहायचं. जिन्याखाली हातभर जागा अशी होती, की ती एकाही कॅमेऱ्यात येत नसे. तिथे जाणाऱ्याला ते माहीत आहे, आणि ज्याला ते माहीत आहे तो चोर, असा सरळ हिशोब. बावीस वर्षांत तो चुकला नाही, असं मालक म्हणायचा.

लहान मुलांच्या कपड्यांकडे एक बाई होती. भांगाच्या मधोमध भाजल्याचा जुना डाग, म्हणून मावशीच्या वहीत ती 'डागवाली'. ती दिवसातून चार-पाच वेळा जिन्याखाली जायची आणि दोन-तीन मिनिटांनी रिकाम्या हातांनी परत यायची. मावशीने अकरा दिवस लिहिलं. मग मालकाने तिला वर बोलावलं आणि मावशीसमोरच तिची पिशवी पालथी केली. डबा, कंगवा, छत्री. तिथे काय करत होतीस, असं विचारल्यावर ती म्हणाली, "काही नाही. नुसती उभी असते."

नुसतं कोण उभं राहतं? मालकाने तिला त्याच दिवशी काढलं. पुढे माल मोजला तेव्हा एक टोपडंसुद्धा कमी भरलं नाही. ही गोष्ट मावशीने मला एकदाच सांगितली, तीही भाजी निवडता निवडता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तशी. वाईट नाही वाटलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, लिहिलं ते खोटं नव्हतं. मला तिचा राग आला होता, अजूनही तो पुरता गेलेला नाही.

नोकरी संपली, काका गेले, आणि मावशी दोन खोल्यांच्या घरात एकटी राहू लागली. मग एकदा ती मोरीत पडली. हाड शाबूत, पण दादाच्या, म्हणजे तिच्या मुलाच्या, तोंडचं पाणी पळालं. तो दुसऱ्या शहरात असतो. घर बंद कर आणि माझ्याकडे चल, म्हणून त्याने धोशा लावला. मावशीने जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. तेव्हा तेवढं मागितलं, "मला इथून हलवू नका."

दादाने मान डोलावली आणि वेगळीच शक्कल काढली. मी मावशीला चष्म्याचा नंबर तपासायला घेऊन जायचं आणि तेवढ्यात तो भिंतीवरच्या घड्याळामागे लहानसा कॅमेरा बसवणार. तिला सांगायचं नाही, उगाच मनाला लावून घेईल. मी कबूल झाले. डोळे तपासून आम्ही परत आलो तेव्हा चोराच्या मनात चांदणं तशी माझी गत. मावशी पाणी प्यायली, घड्याळाकडे एकदा बघून किती वाजले ते म्हणाली आणि आडवी झाली.

पंधरा दिवसांनी दादाचा फोन आला. आधी हवापाणी, मग तिचं पथ्य, मग साखरेचा डबा कुठे असतो. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची त्याची जुनी खोड. शेवटी एकदाचा बोलला. ती दिवसातून पाच-सहा वेळा फ्रिजपलीकडच्या कोपऱ्यात जाते. तिथलं फोनवर दिसत नाही. आज तर वीस मिनिटं बाहेरच आली नाही. साखर खाते की गोळ्या टाकून देते, कोण जाणे. असंच चालणार असेल तर मी तिला घेऊन येतो.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. साखरेचा डबा ओट्यावर, जसाच्या तसा. गोळ्या मोजून बरोबर. फ्रिजपलीकडे भिंत आणि टेकवून ठेवलेला झाडू. तसं मी दादाला कळवलं. तो म्हणाला, मग जाते कशाला?

रविवारी सकाळी तो आला. मलाही बोलावलं होतं. मावशीने दोघांना चहा दिला आणि खुर्चीत बसली. दादाने फार मायेने विचारलं, अगदी लहान मुलाला विचारावं तसं, की आई, तू त्या कोपऱ्यात काय करतेस?

"काही नाही," मावशी म्हणाली. "नुसती उभी असते."

मी कप खाली ठेवला. मावशीने माझ्याकडे बघितलं. तिला आठवत होतं. त्या वाक्याचा पुढे काय निकाल लागतो, हे त्या घरात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. साखर खाते म्हणाली असती, तर दादाने रागावून डबा उचलून नेला असता आणि ती घरात राहिली असती. मी मध्ये पडले. म्हटलं, उभी राहते तर राहू दे की, कुणाचं काय जातं? दादा चिडला नाही, उलट त्याचे डोळे भरून आले. वीस वीस मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या आईला मी इथे एकटी कशी ठेवू, एवढंच तो म्हणाला.

"त्याचं बरोबर आहे," मावशी मला म्हणाली. "मीही हेच लिहिलं असतं." मग घड्याळाकडे हनुवटी करून दादाला म्हणाली, "थोडा डावीकडे हवा होता. सगळं दिसलं असतं."

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कॅमेऱ्यासमोर सगळं रीतसर करून ती या घरात मरेपर्यंत राहू शकली असती. ते तिच्याइतकं कुणाला जमलं असतं? पण तेवढा एक कोपरा तिला सोडवला नाही.

तिने कपाट उघडलं आणि साड्या काढायला लागली. मी घड्या घालायला बसले. एकाएकी मला रडू आलं, तिला नाही. दादाकडे कॅमेरा नाही, पण तीन खोल्यांत पाच माणसं आहेत, आणि सगळी तिला जपणारी.

शेवटची साडी माझ्या हातात देताना तिने विचारलं, "त्या डागवालीचं पुढे काय झालं असेल गं?"

मला माहीत नव्हतं. तिचं नावही मावशीच्या वहीत नव्हतं.