वाक्य पुरं होईपर्यंत

ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवताना मेंदूचं प्रकरण आलं की मी खुलायचे. दोन पेशींमधली बारीक फट, एका बाजूने त्या फटीत सुटणारी रसायनं, ती झेलणारी दुसरी बाजू, सगळं रंगीत खडूंनी फळ्यावर काढायचे. डोपामाइनचे ठिपके कायम पिवळे. पण चित्र पुरं होण्याआधीच मला दुसरंच काहीतरी आठवायचं आणि मुलं वहीत अर्धा मेंदू घेऊन घरी जायची. आपला स्वतःचा मेंदू कसा चालतो हे कळायला मात्र मला चाळिशी ओलांडावी लागली.

निमित्त झालं दुष्काळाचं. त्या वर्षी लातूरला नळाचं पाणी कधीतरी यायचं, आणि आलं की सगळी गल्ली हातातलं काम टाकून धावायची. मी मोटार चालू केली, टाकी बघायला गच्चीवर गेले. तिथे वाळत घातलेल्या मिरच्या दिसल्या, त्या झाकायला फडकं आणायला खाली उतरले, दारात चादरीवाला भेटला, आणि त्याच्याकडे हवा तो रंग नव्हता म्हणून थेट बाजारात गेले. परत आले तर आमच्या टाकीचं पाणी जिन्यावरून धो धो वाहत होतं. सासूबाईंनी एकेका पायरीवर पातेली लावली होती. शेजारणी बादल्या, घागरी, कुकरची भांडी घेऊन रांगेत उभ्या.

"हिला कुणी रागावू नका," एक शेजारीण म्हणाली, "हिच्यामुळे आमची भरली."

माझी भाची सुट्टीला आली होती. ती नांदेडला डॉक्टरकी शिकत होती. तिने हे सगळं जिन्यात बसून पाहिलं. रात्रीच्या जेवणाला म्हणाली, "मावशी, तू लहानपणापासून अशीच..."

"अशीच म्हणजे कशी?"

"बघ. माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस."

यावर सासूबाई जोरात हसल्या. त्या तेलंगणाच्या सीमेजवळच्या देगलूरच्या. त्यांच्या मराठीत अधूनमधून तेलुगू यायची. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या मला "आगू, आगू" म्हणत आल्या होत्या. आगू म्हणजे थांब. मला वाटायचं, लाडाने काहीतरी म्हणतात.

भाचीने नांदेडच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. बाईंनी घाई केली नाही. माझ्याशी बोलल्या, नवऱ्याशी वेगळं बोलल्या, माझ्या आईला फोन लावून मी शाळेत कशी होते ते विचारलं. रक्तदाब पाहिला, हृदयाची तपासणी करून घेतली. मग म्हणाल्या, "याला एडीएचडी म्हणतात. तुमचं लक्ष कमी नाही, ते हवं तिथे टिकत नाही. आणि मनात आलं की कृती होते, मधे विचाराला जागाच नाही. मेथिलफेनिडेट देऊन बघू. उत्तेजक औषध आहे."

मी खुर्चीतून उठलेच. "उत्तेजक? डॉक्टर, मला आणखी उत्तेजित करता? घरचे गाव सोडून जातील!"

त्या हसल्या. "तुम्ही तर हे शिकवता. फटीत डोपामाइन सुटतं, मग त्याचं काय होतं?"

"परत ओढून घेतलं जातं."

"ते जरा हळू ओढलं जावं, एवढंच हे औषध करतं. डोपामाइन आणि त्याच्या जोडीचं नॉरअॅड्रिनॅलिन, दोन्ही. मेंदूच्या पुढच्या भागाचं काम आपल्याला आवरणं. तुमच्यात तोच पेंगतोय. त्याला जागं केलं की बाकीचे शांत बसतात."

म्हणजे माझ्या डोक्यातली 'आगू' म्हणणारी सासूच झोपली होती. हे मी मोठ्याने म्हणाले. नवऱ्याने कपाळावर हात मारला.

गोळी सुरू झाली. तोंडाला कोरड पडायची. दुष्काळात मिळून मिळून असं औषध मिळालं म्हणून मी कुरकुरले. दुपारची भूकही गेली. डॉक्टरबाईंनी मात्रा कमी केली, आधी नाश्ता आणि मग गोळी असं बजावलं. कुठेही वीज चमकली नाही. फक्त एका सकाळी मी किलोभर भेंडी सलग चिरली आणि मग लक्षात आलं की मधे एकदाही उठलेच नव्हते.

खरी गंमत त्यानंतर झाली. वरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं होतं, त्या नवराबायकोला आम्ही सकाळी चहाला बोलावलं. नवीन माणूस आलं की माझा नवरा आपलं घर लातूरला कसं आलं ते सांगतो. लातूर नवा जिल्हा झाला, सासरे कारकून होते, देगलूरहून त्यांची इकडे बदली झाली. सामान ट्रकमध्ये भरलं. नवरा तेव्हा शाळकरी, काकांबरोबर गाद्यांच्या ढिगावर बसलेला. तो फार सावकाश बोलतो. "चहाला उदगीरला थांबलो. चहा झाला. ट्रक निघाला, आणि आई..." इथवर आला की मी दरवेळी उडी मारायचे, "आणि आईंना तिथेच विसरले!" सगळे हसायचे. गोष्ट संपायची.

त्या दिवशी तो "आणि आई..." म्हणाला आणि सवयीने थांबला. मी काही बोलले नाही. शब्द ओठांपर्यंत आले होते, पण थांबता आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. जरा गडबडला. मग म्हणाला, "आणि आई चढलीच नाही."

"म्हणजे?" हे मी नाही, वरच्या बाई म्हणाल्या.

"आई खाली उभी राहिली. मग बाबाही उतरले. ट्रकवाल्याला घाई, तो मला आणि काकांना घेऊन पुढे निघाला."

मी सासूबाईंकडे वळले. त्या बशीतून चहा पीत होत्या.

"मला कोण इसरतंय?" त्या म्हणाल्या. "मी उतरले होते. ह्यांना म्हणलं, नवा जिल्हा झालाय, नवी हापिसं निघून राहिलीत, माणसं लागून राहिलीत. मी सातवी शिकलेली हाय. मला अर्ज करू देणार का न्हाई ते सांगा, मग चढते. हे म्हणले, बघू. बघू म्हणलं की मी झाडाखाली बसले."

"मग?"

"मग काय? दोन एष्ट्या गेल्या. तिसरी आली तवा म्हणले, हाव, कर अर्ज."

सासूबाई अंगणवाडीत नोकरीला होत्या, पुढे पर्यवेक्षिका होऊन निवृत्त झाल्या, हे मला ठाऊकच होतं. ती नोकरी उदगीरच्या एका झाडाखाली ठरली होती, हे मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला हसू आलं.

"आई, इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"सांगायला गेलं की तू हसवायचीस. लोक हसायचे, मलाबी लई हसू यायचं. म्हणलं, ऱ्हाऊ दे."

त्या सकाळी चहा पुन्हा ठेवावा लागला. सासूबाई नोकरीच्या मुलाखतीचं, पहिल्या पगारातून घेतलेल्या छत्रीचं, सगळं सांगत गेल्या आणि मी ऐकत गेले.

गोळीची गोष्ट कॉलेजात पसरली तेव्हा एक मुलगी विचारायला आली, "मॅडम, परीक्षेसाठी ती एकाग्रतेची गोळी मिळेल?" मी तिला समोर बसवून सांगितलं की ज्याला हा त्रास नाही त्याची त्या गोळीने हुशारी वाढत नाही, झोप आणि काळीज मात्र बिघडतं, आणि डॉक्टरशिवाय तिला हातही लावायचा नाही. तिने सगळं ऐकलं. मीही सगळं सांगितलं, मधेच दुसरीकडे न जाता.

संध्याकाळी औषधाचा अंमल उतरतो आणि मी पुन्हा जुनीच होते. डॉक्टरबाईंनी रविवारी गोळीला सुट्टी द्यायला परवानगी दिली आहे. मागच्या बुधवारी पाहुणे येणार होते, तर सासूबाई सकाळीच माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ह्या लोकांना रविवारी का न्हाई बोलावलंस गं? गोळी घेतलीस की तू लई शहाणी होतीस. गंमत येत न्हाई."