टापूवरच्या आजीचा सत्कार

शिक्षेविरुद्ध निदान अपील करता येतं. सत्काराविरुद्ध करता येत नाही, हे मला तारापूरजवळच्या त्या गावात कळलं.

माझे यजमान अणुवीज केंद्राच्या बांधकामावर ड्राफ्ट्समन होते. कर्मचाऱ्यांची घरं अजून नकाशातच होती, आणि तो नकाशा यजमानांच्याच टेबलावर असल्यामुळे ती लवकर होणार नाहीत याची मला खात्री होती. म्हणून आम्ही जवळच्या गावात, मासेमारी करणाऱ्या एका कुटुंबाच्या घराची अर्धी बाजू भाड्याने घेतली. मधे कुडाची भिंत. पलीकडे म्हातारी, तिचा एकुलता एक मुलगा आणि सून. मुलगा तांडेल होता, म्हणजे स्वतःच्या होडीचा मुख्य. हाताखाली गावातलेच खलाशी. मी गावच्या शाळेत मराठी शिकवायचे.

दुपारी केंद्राच्या बाजूला सुरुंग लागत. आधी भोंगा वाजायचा, मग काहीच नाही, मग जमीन हलायची आणि माझ्या फळीवरची भांडी किणकिणायची. आवाजाची मला सवय झाली. भोंग्यानंतरच्या त्या शांततेची कधी झाली नाही.

म्हातारी ऐंशीच्या आसपासची असावी. डोक्यावरचा पदर दोन्ही कानांवरून घट्ट ओढून हनुवटीखाली धरलेला. घरात, चुलीपाशी, वैशाखातसुद्धा. बांधकामावरचे मजूर संध्याकाळी सुकट आणि सुके बोंबील घ्यायला तिच्याकडे येत. गावातल्या बाकीच्या बायका त्यांच्याशी खुणांनी व्यवहार करीत. म्हातारी मात्र खडखडीत हिंदुस्थानी बोलायची. कुठे शिकलात असं मी एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बाजारात." कुठल्या बाजारात, ते मी विचारलं नाही.

ते ओळखलं एका मुकादमाने. भाव करता करता तो थबकला आणि म्हणाला, "अम्मा, ये बोली तो पोर्ट ब्लेअर की है. मैं वहाँ जंगल कटाई पे था." नेमके त्याच वेळी तालुक्याचे सभापती रस्त्याची पाहणी करायला जीपमधून उतरले होते. रस्ता नव्हताच, त्यामुळे पाहणी लवकर आटोपली होती आणि त्यांना वेळ होता.

"अंदमान?" ते म्हणाले. "आजी, तुम्ही अंदमानात होता?"

म्हातारीने नाही म्हणायला क्षणभर उशीर केला. तेवढा त्यांना पुरला.

नुकतंच युद्ध होऊन गेलं होतं. गावोगाव कुणाचा ना कुणाचा सत्कार चालू होता, आणि आमच्या भागात सत्काराच्या लायकीची माणसं संपत आली होती. अंदमानातून परतलेली एक बाई, तीही समुद्रकाठची, सभापतींच्या हाती लागली. ते पायांत चपला आहेत हे विसरून तिच्या पाया पडले. तांडेल होडीवरून परतला तोवर त्याची आई स्वातंत्र्यसैनिक झाली होती.

तो आनंदाने खुळा झाला. बापाविषयी त्याला एवढंच माहीत होतं की तो दमणकडचा, आपल्याच समाजाचा, टापूवर सरकारी जंगलात लाकूडतोडीला गेलेला आणि तिथेच तापाने मेलेला. टापू म्हणजे अंदमान, हेही त्याला ठाऊक होतं; पण टापूवर माणसं कशासाठी जातात हा विचार त्याने केला नव्हता. आता एकदम उलगडा झाल्यासारखा तो गावभर सांगत सुटला. "आयनं कदी बोलून दाकवलं नाय. येवडी मोटी मानसं अशीच असतात."

मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं होतं आणि मी फुकट होते.

माहिती घ्यायला मी पलीकडे गेले. सून पाण्यावर गेली होती. म्हातारी सुकट निवडत बसली होती. मी वही उघडली.

"ती मिट," ती म्हणाली. "आनि दार लोटून घे."

मग तिने पदर मागे केला. डावा कान पाळीपासून वरपर्यंत फाटलेला होता. फाटलेल्या दोन बाजू वेगवेगळ्या दिशेला सुकून गेल्या होत्या.

"ह्यो दातिवऱ्याला, सासरी फाटला. घरवाल्यानं वढला, कानातल्या बुगडीसकट. त्याच्या आदी काय काय केलं ते सांगत नाय, तू लगीन झालेली हायस, तुला कलेल. मी त्याच्या ताडीत धोतरा घातला. झोपंल म्हनून घातला असं वकील बोलला. तुला खरं सांगते, मरंल म्हनून घातला."

वही मिटलेलीच होती. तरी हातातून खाली ठेवली.

फाशी टळली ती वयामुळे. ठाण्याच्या तुरुंगातून आगगाडीने मद्रास, तिथून बोट. दर्यावर जन्मलेली ही पोर, तिला आयुष्यात पहिल्यांदा बोट लागली. "पानी दिसत नव्हतं ना," ती म्हणाली. "खाली पेटीत भरल्यासारकं. पानी दिसलं असतं तर काय झालं नसतं." टापूवर बायकांचा वेगळा तुरुंग होता. दळायचं, कापड विणायचं. बोलायला आपल्या भाषेचं कुणी नाही; म्हणून मग जी मिळाली ती भाषा. काही वर्षं नीट वागलेल्या बाईला लग्नाची परवानगी मिळे. सुटून टापूवरच शेती करणारे कैदी यायचे, बायका रांगेत उभ्या राहायच्या, साहेब खुर्चीवर बसायचा. पुरुष रांगेवरून चालत जायचे.

"कोन दात बघायचा, कोन हात. एक मानूस माज्यासमोर थांबला. उत्तरेकडचा. इचारलं, किसको मारा? मी बोलले, मरद को. तो बोलला, मैंने भाई को. मंग जमलं आमचं."

मुलगी पाहण्याचे बरेच कार्यक्रम मी पाहिले आहेत, त्यातल्या एका वेळी पाहिली गेलेली मीही होते. इतकी सरळ विचारपूस कुठेही झालेली मला आठवत नाही.

"चांगला होता," ती म्हणाली. "पयल्या-पयल्यांदा माज्या हातचा चा आदी मला प्यायला लावायचा. मंग इसरला."

तोच तांडेलचा बाप. समाजाचा नाही, दमणचा तर नाहीच. तो मेला, तिची मुदत सरली, आणि ती तान्ह्या पोराला घेऊन परतली. दातिवऱ्याला जाण्याचा प्रश्न नव्हता. ती पार उत्तरेला इथे आली, दमणकडची विधवा म्हणून राहिली. पोर समाजात वाढलं, समाजात लग्न झालं, समाजाचे खलाशी त्याच्या होडीवर चढले.

"हे पंचांना कललं तर त्याला वाळीत टाकतील," ती म्हणाली. "खलाशी नाय, मासली घ्यायला गिऱ्हाईक नाय, मेला तर खांदा नाय. माजं काय, मी भोगून आले. तो ज्या दिशी जन्माला आला त्या दिशीच मी ठरवलं, ह्याला ह्यातलं कायच द्यायचं नाय."

काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगितलं की मी कॉलेजात असताना एका जाड पुस्तकात आयर्लंडच्या बायकांविषयी वाचलं होतं. कापडाचा तागा चोरला, लोणी चोरलं, कुणाचं खळं पेटवून दिलं, म्हणून इंग्रज त्यांना बोटीत भरून ऑस्ट्रेलियाला नेऊन टाकत. तिथेही बंदरावर पुरुष निवडायला येत. बायका उचलून दुसऱ्या किनाऱ्यावर टाकायची ही पद्धत आपल्यावर येण्याआधी त्यांच्यावर घोटून झाली होती.

ती लक्ष देऊन ऐकत होती. "त्या गोऱ्याच ना?"

"गोऱ्याच."

"आनि परत आल्या?"

"बहुतेक नाही."

"शान्या," ती म्हणाली आणि पुन्हा सुकट निवडू लागली.

मी सभापतींना भेटले. खरं सांगणं शक्य नव्हतं, तिने शब्द घेतला होता. मी म्हटलं, आजींची तब्येत बरी नसते.

"मग लवकरच घ्यायला हवा," ते म्हणाले.

"त्यांची इच्छा नाही."

"विनय, बाई. खरी माणसं अशीच."

"पण त्यांनी नक्की काय केलं होतं, हे कुणी विचारलंय का?"

ते माझ्याकडे दयेने बघत राहिले. "बाई, तुम्ही मराठी शिकवता. अंदमानला कोण जातं हे मी तुम्हाला सांगायचं? तिकडे काय भुरट्या बायकांना पाठवत होते?"

आमच्यातल्या बहुतेकांना अंदमानचा इतिहास शाळेतल्या धड्याएवढाच माहीत होता, आणि धड्यात सगळे कैदी देशभक्त होते. खुनी, दरोडेखोर आणि बायका त्या धड्यात मावल्या नव्हत्या. मीही म्हातारीने सांगेपर्यंत दुसरं काही म्हटलं नसतं.

मानपत्रात एकही खोटं वाक्य येऊ नये याची मी फार काळजी घेतली. 'आपण सागर ओलांडलात. आपण सोसलंत आणि कधी उच्चार केला नाहीत.' सभापतींनी ते वाचून मान डोलावली आणि स्वतःच्या हाताने मधे 'जुलमी सत्तेला हादरा दिलात' असं घातलं. सत्कार खुलून दिसावा म्हणून निमंत्रणं किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांना गेली. समाजाच्या सर्व पंचांना मानाच्या खुर्च्या. तांडेल मला ती नावं कौतुकाने वाचून दाखवत होता. दातिवऱ्याच्या म्हाताऱ्या पंचापाशी आला तेव्हा कुडापलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"माजा दीर," तिने मला नंतर सांगितलं. "तवा लहान होता. मला न्हेलं तवा शिपायामागं रस्ताभर पलत आला. शिव्या देत नव्हता. नुसता बगत होता."

"साठ वर्षं झाली, आजी. चेहरा ओळखणार नाही."

"चेहरा नाय," ती म्हणाली आणि पदर आवळून घेतला.

सत्काराच्या सकाळी ती अंथरुणातून उठेना. ताप आहे म्हणाली. तांडेल रडकुंडीला आला. सभापतींनी जीप पाठवली, जीपमध्ये डॉक्टर पाठवला. डॉक्टरने नाडी पाहिली आणि ताप नाही असं अत्यंत आदराने सांगितलं.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. सभापती बोलले, मग त्यांच्यापेक्षा मोठे कुणीतरी बोलले, मग मोठ्यांच्या बोलण्याबद्दल सभापती पुन्हा बोलले. म्हातारी व्यासपीठावर खुर्चीच्या कडेला, पदर धरून बसली होती. पहिल्या रांगेत पंच होते. दातिवऱ्याचा कोणता हे मला कुणी सांगायला लागलं नाही; सगळ्यांत म्हातारा तोच होता. लाल टोपी मांडीवर फिरवत तो इतरांसारखाच कंटाळला होता. मला जरा धीर आला.

शाल घातली, नारळ दिला. बोईसरहून आणलेला फोटोग्राफर पुढे आला. त्याने यंत्रातून पाहिलं, मान हलवली.

"आजी, पदर जरा मागे. तोंड येत नाही."

म्हातारी हलली नाही. सभापती हसले, "लाजताहेत," म्हणाले, आणि घरच्यासारखे वाकून त्यांनी स्वतःच पदर मागे सारला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिवा लखकन पेटला.

मी पहिल्या रांगेकडे पाहत होते. टोपीवरचे हात थांबले होते.

मग हार घालायला रांग लागली. तोही उठला, रांगेत उभा राहिला, त्याची पाळी आली तेव्हा त्याने हार घातला, इतरांपेक्षा नीट, दोन्ही टोकं सारखी करून. मी मानपत्राची चौकट धरून शेजारीच उभी होते.

"वैनी," तो हळू म्हणाला, "घर कुठं तुजं?"

"शालेच्या मागं," ती म्हणाली. "दारात शेवगा हाय."

त्याने मान हलवली आणि पुढच्याला वाट दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच आला. तांडेलने धावत जाऊन त्याला आत घेतलं, खाट झाडून दिली. आदल्या दिवशीचा मान अजून चालूच आहे असं त्याला वाटत होतं. सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्या गावात राहून मी एवढं शिकले होते की पंच घरी येतो तेव्हा चहा, फराळ नंतर, आधी पाणी. त्याने घोट घेतला म्हणजे ते घर समाजात आहे. दाराशी उभी राहून मी ते पाहत होते.

म्हातारी कोपऱ्यात बसली होती. आज तिने पदर कानांवर ओढलेला नव्हता.

त्याने तांब्या हातात घेतला. आत पाहिलं. मग उठून दारापाशी गेला आणि सगळं पाणी सावकाश स्वतःच्या पायांवर ओतलं, आधी उजव्या, मग डाव्या. रिकामा तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवला.

"लांबून चालत आलात, पाय तापले असतील," तांडेल म्हणाला.

"तुज्या बापाचं गाव आयला इचार," तो म्हणाला आणि निघून गेला.

तांडेल हसला. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याला हसतात तसा.

त्याच्या पुढच्या सकाळी भरतीच्या वेळी तांडेल किनाऱ्यावर गेला. मी शाळेकडे निघाले तेव्हा तो होडीशी एकटाच उभा होता आणि खलाशांना नावाने हाका मारत होता. ते वाळूवर थोड्याच अंतरावर जाळी निवडत बसले होते. कुणी वर पाहिलं नाही. पाणी चढलं, होडी जागच्या जागी डुलली, आणि पाणी उतरू लागलं.

दुपारी मी परत आले तेव्हा तो अंगणात उभा होता.

"आय," तो आत पाहून म्हणाला, "ते सगले माज्याशी बोलत का नाय?"

"आत ये," म्हातारी म्हणाली. आवाज नेहमीचाच. मग सुनेला, "तूपन बस. दार लावून घे."

त्या वस्तीत दिवसा कुणी दार लावत नसे. मी माझ्या बाजूला पाण्याचा हंडा हातात घेऊन उभी राहिले. केंद्राकडचा भोंगा वाजला, जमीन हलली, भांडी वाजून थांबली. कुडापलीकडे ती सांगायला लागली होती, सुरुवातीपासून, काही न गाळता.