खिळा न मारलेलं छप्पर

गेनूमामांना खिळा दिसला की राग यायचा. भिंतीवरच्या कॅलेंडरचा खिळासुद्धा ते पकडीनं उपटून काढत आणि वर विचारत, "भिंतीनं तुमचं काय वाकडं केलं व्हतं?" मी या घरात सून म्हणून आले तेव्हा वाटलं, माणूस जरा चक्रम दिसतोय. पुढं कळलं, चक्रम नव्हे, हट्टी. आणि तो हट्ट साथीच्या तापासारखा होता, मलाही लागला.

ते माझे चुलतसासरे. बौद्ध झाल्यावर त्यांनी गावकीची कामं सोडली, तर गावानं त्यांना दुसरं कुठलंच काम दिलं नाही. मग ते सोलापूरला गेले, पत्र्याची छपरं घालायला शिकले आणि नेमके दुष्काळात येरमाळ्याजवळच्या आमच्या वस्तीवर परतले. का आलात, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "जागा आपली हाय. सोडून का मरायचं?"

तेव्हा सगळी वस्ती रस्त्याच्या दुष्काळी कामावर होती आणि मधल्यामध्ये मुकादम आमच्या घामावर गब्बर होत होता. मामांनी टूम काढली, मधलं हे भोकच नको, आपलीच मजूर सोसायटी करू, काम थेट आपण घेऊ. पण सोसायटीला कार्यालय हवं, त्याला न गळणारं छप्पर हवं. भिंती आम्ही उभ्या केल्या. छपराला काय? रस्त्याकडेला डांबराची रिकामी पिंपं पडली होती. मामांनी ती रीतसर मागून घेतली, कापली, ठोकून सपाट केली. शेजारशेजारच्या पत्र्यांच्या कडा उभ्या करून एकमेकींत दुमडायच्या, आणि त्या घडीत लपवलेल्या पट्टीनं पत्रा वाशाला धरून ठेवायचा. वरून भोक म्हणून नाही.

"उन्हात पत्रा अंग पसरतो, रातच्याला आखडतो," ते म्हणायचे. "खिळा मारला की त्याला हलता येत न्हाय, मग त्यो भोकच फाडतो. मला बी ह्या गावानं खिळून ठेवायला बघितलं व्हतं."

सहकार खात्याचे साहेब तपासणीला आले, तेव्हा मुकादम मागं होताच. "पिंपाचं छप्पर ते. पाऊस आला की चाळण," तो म्हणाला. साहेब भले, पण अडले. "गळत नाही हे मी कशावरून लिहू? पाऊस तर नाही."

"पाऊस आमी पाडतो," मामा म्हणाले. "उद्या सकाळी या, पत्रा थंड असताना. तापल्यावर पाणी वरच्या वर उडून जातं."

टँकर मनाला येईल तेव्हा यायचा. घरोघर पिण्यापुरतंच पाणी, आणि मामा तेच मागायला दारोदार फिरले. सासूबाई कडाडल्या, "भावजी, लेकरांच्या तोंडचं पाणी पत्र्यावर वतता व्हय?"

"वहिनी, वर गेलेलं पाणी खाली येतंच. मधी भोक नसलं म्हंजे झालं."

सासूबाई हलल्या नाहीत. सकाळी घागर मी उचलली. पत्र्याच्या त्या घडीतलं मला ओ का ठो कळत नव्हतं. माझा भरवसा मामांवर होता. तरी शिडीपाशी पोचेपर्यंत दोनदा मागं वळून बघितलं, खोटं का बोलू?

बायकांनी हातोहात घागरी वर दिल्या. मामा उंच कडेला उभे राहून ओतत होते. दोन उभ्या घड्यांच्या मधून पाणी पाटातून यावं तसं सरळ आलं आणि खाली मांडलेल्या हंड्यांत पडलं. साहेब आत बसून वर बघत होते. आतली जमीन कोरडी ठणठणीत. मुकादमानं आत डोकावून पाहिलं आणि चपला घातल्या. सोसायटी मंजूर झाली. पाणी ज्याचं त्याच्या घरी परत गेलं. त्या दिवशी चहाला डांबराचा वास येत होता. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, पण कपबशी खाली ठेवली नाही.

मामा गेले तेव्हा शोकसभा त्याच छपराखाली ठेवली. दिव्याची तार आत घ्यायला वस्तीतला एक तरुण पत्र्यावर चढला, हातात हातोडी आणि खिळा. मी म्हणाले, "खाली उतर. तार दारातून घे."

"काकू, एकच तर भोक पाडायचंय."

"मुकादम बी एकच व्हता," मी म्हणाले.