काळ्या गोळीचा कोट

पीएचडीच्या पाच वर्षांत माझे पेपर निघाले दोन, किस्से मात्र ढीगभर! आता हेब्बाळला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसलो की पेपर आठवत नाहीत, किस्सेच आठवतात.

मैसूरच्या आमच्या लॅबमध्ये आम्ही उच्च तापमानाचे सुपरकंडक्टर बनवायचो. म्हणजे एक काळी गोळी, जी थंड केली की विजेला काडीचाही विरोध करत नाही. आई सांगलीहून फोनवर म्हणायची, "उच्च म्हणजे किती रे? भाजून घेऊ नकोस!"

"उणे एकशे ऐंशी, आई."

"मग तुमच्यात थंड कशाला म्हणतात?"

*

गोळीला दमट हवा सोसायची नाही. एकदा मी फिल्टर कॉफी घेऊन तिच्यावर वाकलो. आमचे गाईड सर ओरडले, "जीव घेशील तिचा! कॉफी इकडे दे आणि तू बाहेर जा!" कॉफी त्यांनीच संपवली.

*

आमचे टेक्निशियन शिवण्णा सरगूरचे, भाविक माणूस. आयुधपूजेला त्यांनी झाडून सगळ्या यंत्रांना कुंकू लावलं आणि माझ्या लॅबमैत्रिणीच्या, रुक्मिणीच्या, उघड्या गोळीवर तीर्थ शिंपडलं! तीन महिन्यांचं काम आठवड्यात वाया गेलं. रुक्मिणी रडली, शिवण्णाही रडले. सर एवढंच म्हणाले, "आधी गोळीला रेनकोट, मग पूजा!"

*

रेनकोट म्हणजे वीज वाहणाऱ्या पॉलिमरचा पातळ थर. रुक्मिणीचा अख्खा थीसिस त्यावर होता, मुदत संपत आली होती, आणि थर सालीसारखा सुटून यायचा.

तिचे वडील, आम्हा सगळ्यांचे काका, सरस्वतीपुरममध्ये शिंपी. पिढ्यानपिढ्या मैसूरचे, मराठी अर्धी कन्नडमधली. त्यांच्या घरी डोसे खाताना तिने रडगाणं गायलं. काका सुईत दोरा ओवत म्हणाले, "सरी पुट्टी, बरं बाळ, कोट घातलीस. अस्तर कुठं आहे?"

मी हसलो. रुक्मिणी डोसा टाकून उठली. गोळीलाही धरेल आणि पॉलिमरलाही, असा रेणूंचा एक थर तिने मधे घातला. महिन्याभरात कोट पक्का बसला. पुढच्या दसऱ्याला सरांनी स्वतः तीर्थाचा तांब्या शिवण्णांच्या हातात दिला.

*

काका आता नाहीत. फार आठवण येते त्यांची, आणि दर वेळी रुक्मिणीचा व्हायवाच डोळ्यांपुढे येतो. पुण्याहून आलेले परीक्षक, अंगात कोट, कपाळाला आठ्या. "ही मधल्या थराची कल्पना कुठून घेतलीत? रेफरन्स दिसत नाही!"

रुक्मिणीने शेवटच्या रांगेकडे बोट दाखवलं. "रेफरन्स मागे बसलेत, सर."

काका हात जोडून उठले. परीक्षकांच्या बाहीकडे बघत म्हणाले, "अस्तर उसवलंय, सर. द्या इकडे, अर्ध्या तासात करून देतो."