‘कोरडवाहू’ ऐकायला चकलांब्याला

दूध सोसायटीच्या हॉलात शीतलनं माईक माझ्या तोंडासमोर धरला आणि मी ओरडलो, तिथंच माझं सगळं फिरलं. पण आधी रस्ता सांगतो, म्हणजे तुम्हालाही जाता येईल.

बीड ते गेवराई हायवे मस्त. गेवराईच्या स्टँडसमोर गरम भजे खाऊन घ्या, पुढं काही मिळत नाही. चकलांब्याच्या रस्त्यावर गाडी आणि कंबर दोन्ही सांभाळा. ‘कोरडवाहू’ बँडला तिकीट नाही, फक्त प्यायचं पाणी घरून न्यायचं. गावात टँकर येतो.

खरं तर मी गाणं ऐकायला गेलोच नव्हतो. शीतल माझ्या वर्गातली. बँडमध्ये गेली आणि माझ्याशी बोलेनाशी झाली. माझं वर्गात मन लागेना, मी कॉलेजच सोडलं. तिला एवढंच विचारायचं होतं : कावून? का म्हणून?

दुष्काळात जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं, तेव्हापासून सोसायटीचा हॉल मोकळा. जावेदभाईंची कव्वालीची पेटी, जयंतीच्या मिरवणुकीतली हलगी, गिटार आणि तालाला दुधाचे रिकामे कॅन! कालपरवापर्यंत बारशाला वाजवणारी ही पोरं. आता जालन्याहून गाड्या येतात. कव्वाली चढत जाते, हलगी कडाडते, गिटार तिच्या अंगावर धावून जातं, आणि जोड कुठं दिसत नाही. शपथ, काटा आला अंगावर.

शीतल गायची, “टँकर आला न्हाई,” लोक ओरडायचे, “कावून?”

शेजारचे बाबा मला म्हणाले, “वरड की पोरा! घसा घरी ठेवून आलास का?”

तेवढ्यात ती माईक घेऊन माझ्यासमोर. “गेलं ते आलं न्हाई.”

“कावूऽऽन?”

ताल चुकला. अर्धी मात्रा उशिरा, घसा फाडून. मग हलगीनं तो उशीरच उचलला, जावेदभाईंनी त्यावर तान घेतली आणि अख्खा हॉल माझ्यासारखा चुकीचा ओरडू लागला.

कार्यक्रमानंतर ती कॅनला झाकणं लावत होती.

“हेच इचारायला आलतास?”

“हं.”

“तुझी भांडणं मिटवण्यातच दिवस जायचा माझा. मला गायचंय. तुझं-माझं न्हाई जमायचं.”

जावेदभाई मागून म्हणाले, “मियाँ, दिल का बाद में देखते. आवाज लई भारी हाय. उद्या तालमीला ये.”

“ये,” शीतल म्हणाली, “पण माझ्यासाठी येणार असशील तर येऊ नको.”

घरी आलो तरी कानात हलगी होती. ती माझी नाही, हे अजून दुखतं. पण असलं गाणं ऐकून घरात बसवेना.

सकाळी आप्पा म्हणाले, “निघाला पुन्हा त्या पोरीमागं?”

“न्हाई आप्पा. गायला.”

“खोटं बोलतूस.”

एरवी मी चहाचा कप भिंतीवर फोडला असता.

“थोडं हाय खोटं,” म्हणालो, चहा संपवला, बाहेर पडलो आणि दार न आपटता लावून घेतलं.